भातलावणीचे फोटो: सगळ्यांत पाठीच पाठी

कुडाळकर भाचा: आजोळ कुडाळ तालुक्यात. तीन वर्षं जुलैत लावणीला जातो, कॅमेरा घेऊनच. यंदाचे चारेकशे फोटो पाहिले तर वाकलेल्या पाठी, निळ्या प्लास्टिकच्या खोळी, मागे हिरवा डोंगर. निव्वळ कॅलेंडर! मामीला दाखवले तर म्हणाली, "पाठीचेच फोटो काढतंस रे, माका तोंड नाय काय?"

दुसरं, मामेभावाचा मुलगा आठ वर्षांचा. शाळा सुटली की मेरेवर (बांधावर) हजर. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी फेकून देतो, मध्येच कुर्ली (खेकडा) दिसली की काम गेलं खड्ड्यात. मूठ फेकतानाचा त्याचा फोटो टाकला तर खाली कमेंट: 'बालमजुरी'. काढून टाकला. असले फोटो काढूच नयेत का?

पावसाळी भिंग: दिवसभर वाकलेलं कुणी नसतं हो. तरवा काढायला जा. बायका उकिडव्या बसून मुळांचा चिखल पायावर आपटून झाडतात, मूठ बांधतात, तोंडाने गप्पा चालूच. चेहरे तिथे मिळतील. आणि खाचरातल्या पाण्यात पांढरं आभाळ असतं, कॅमेरा फसतो, माणसं काळी पडतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक-दीड स्टॉप वाढवा. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, भिंगावर धुकं धरतं.

माहेर रोह्याचं: लग्नाआधी दरसाल लावणी केली आहे. चिखल्यांचा फोटो आहे का एक तरी? आठवड्याभरात पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या होऊन सोलतात, रात्री मेंदी थापून झोपायचं. हिरव्या डोंगरापेक्षा तो पाय काढा. मुलाचं म्हणाल तर आधी त्याच्या आईला विचारलंत का? 2016 च्या दुरुस्तीनंतरचा कायदाही शाळेची वेळ सोडून घरच्या, धोक्याच्या नसलेल्या कामात मदत करू देतो. पण हे फोटोत दिसत नाही, खाली लिहावं लागतं.

पावसाळी भिंग: हे शंभर टक्के. लुईस हाईन 1908 पासून अमेरिकेतल्या कामकरी मुलांचे फोटो काढत होता, प्रत्येकाचं वय, काम, ठिकाण टिपून ठेवायचा. त्याने मजुरी दाखवली ती त्या टिपणांच्या जोरावर. तुम्ही उलट बाजूने तेच करा: कुणाचं खाचर, किती वाजता, किती वेळ. कुर्लीचा फोटो आहे ना? तो शेजारी लावा.

कुडाळकर भाचा: कुर्लीचा आहे, हललेला. चिखल्यांचं मामीला फोनवर विचारलं. "पायांचो फोटो कित्याक? चवथीक नवी साडी नेसतलंय, तेव्हा काढ."