अनुभव धागा: रस्त्याकडेचे दगड, पाट्या, स्तंभ. कोकणात तुम्हाला काय सापडलं?

मागच्या रविवारी आम्ही अलिबाग ते रेवदंडा एवढाच पट्टा धरला होता. अट एकच: किनाऱ्यावर लोळायचं नाही, किल्ला चढायचा नाही. रस्त्यालगत जे कोरलेलं, लिहिलेलं किंवा मुद्दाम उभं केलेलं दिसेल तेवढंच बघायचं. गाडीत नवरा, चौथीतली लेक आणि आई. आई पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाली आहे, पण लाल पेन अजून पर्समध्येच असतं.

अलिबागेत कान्होजी आंग्र्यांची समाधी भर वस्तीत आहे. हात जोडले, १७२९ साल लेकीच्या वहीत उतरवलं आणि निघालो.

खरा मुक्काम अक्षीला झाला. इथला शिलालेख मराठीतला सर्वांत जुना म्हणून सांगितला जातो. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ हे वाचन डॉ. शं. गो. तुळपुळे यांचं, तारखेवरून अभ्यासकांत वाद आहेत. पूर्वी हा दगड रस्त्याकडेला ऊनपाऊस खात होता, आता त्याला मानाची जागा मिळाली आहे. अक्षरं झिजलेली, त्यामुळे आधी सगळा दगड नुसता खडबडीत वाटतो. लेक उकिडवी बसून बोटाने हवेतच गिरवत होती. हात लावायचा नाही असं आजीने बजावलं होतं. आम्ही वाचनाची प्रत छापून नेली होती, ती धरून एकेक ओळ जुळवली. ‘पसीमसमुद्राधीपती’. म्हणजे पश्चिम समुद्राचा अधिपती, शिलाहार राजा केशीदेवराय. आई चष्मा वर करून म्हणाली, ‘पश्चिम चुकलंय की.’ नवरा म्हणाला, ‘द्या पेन, करा दुरुस्ती.’ त्यावर आई हसली खरी, पण परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तेव्हा लोक बोलत होते तसंच लिहीत होते बघ.’

रेवदंड्याला अफानासी निकितिनचा स्तंभ आहे, त्यावर मराठीबरोबर रशियन अक्षरंही. हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी वास्को द गामाच्या आधी, पंधराव्या शतकात, चौलला उतरला. विकायला घोडा आणलेला, तो जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि मग कसाबसा परत मिळाला. लेकीला अक्षीच्या लेखातलं दान काही लक्षात राहिलं नाही, हा घोडा मात्र घरी येईपर्यंत पुरला.

आता तुम्ही सांगा. किल्ले-मंदिरं नकोत, त्यांचे धागे ढिगाने आहेत. येताजाता ज्याच्याकडे गाडीतलं कुणी वळून बघत नाही, ते हवं.

जांभादगड

रत्नागिरी. थिबा राजाचा राजवाडा सगळ्यांना माहीत असतो, मला समाधी बघायची होती. रिक्षावाल्याला म्हटलं, ‘थिबाकडे.’ त्याने राजवाड्यावर सोडलं. दुसऱ्याला नीट समजावलं, तर तो थिबा पॉइंटवर घेऊन गेला आणि वर म्हणाला, ‘साहेब, सूर्यास्त इथूनच भारी दिसतो.’ दुपारचे बारा वाजले होते.

शेवटी चालत, विचारत, इमारतींच्या मधून समाधी गाठली. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८५ साली राज्य गमावून बसला, इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० साली आणि १९१६ साली तो इथेच वारला. म्हणजे रत्नागिरीत तीस वर्षं काढली, त्यातली राजवाड्यात जेमतेम सहा. समाधीपाशी मी एकटाच. शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या, खाली कुकरच्या शिट्ट्या. राजवाड्यात जे वाटलं नव्हतं ते तिथे वाटलं.

पोफळीचं_बन

@जांभादगड, सूर्यास्ताचं वाचून फुटले!

माझं छोटंसंच. मुंबईहून कोकणात जाताना पनवेल सोडलं की शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. वीस वर्षं त्यापुढून गेले, दर वेळी ‘येताना थांबू’ म्हणत. येताना सगळे झोपलेले असतात. यंदा थांबले. तिथूनच उरणकडे वळून चिरनेरचा हुतात्मा स्तंभही केला. २५ सप्टेंबर १९३०, जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला तो दिवस. नावं मोठ्याने वाचली, एवढंच.

दुर्बीण

विजयदुर्गाचे ‘साहेबाचे ओटे’. किल्ला म्हणून मोजू नका, मी ओट्यांसाठीच गेलो होतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इथून निरीक्षण झालं आणि हेलियमचा शोध लागला, असं गावात अभिमानाने सांगतात. हेलियम दिनही साजरा होतो. सांगणाऱ्या आजोबांनी तर दुर्बीण कुठे ठेवली होती तेही पाय आपटून दाखवलं.

आता पंचाईत अशी की मी भौतिकशास्त्र शिकवतो. ग्रहणाच्या दिवशी जान्सन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव इथे घेतात, पण त्याने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेघ ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून नोंदवली, तेही ग्रहणाशिवाय. त्या पट्ट्यातून सावली गेली हे मात्र खरं. आजोबांना काय सांगणार? मी म्हटलं, ‘आकाश त्या दिवशी स्वच्छ हवं होतं, भर श्रावण होता ना.’ ते म्हणाले, ‘म्हणून तर साहेब इथे आला!’ कोकणात श्रावणात स्वच्छ आकाशासाठी येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण चहा त्यांनीच पाजला, तेव्हा मी गप्प.

खाडीपल्याड

शिलालेख वाचणाऱ्यांसाठी सूचना. अक्षरं दिसत नसतील तर खोबणीत तांदळाचं पीठ भरा, लख्ख दिसतात. आम्ही गधेगाळांवर असंच करतो.

जांभादगड

@खाडीपल्याड, कृपा करून करू नका. पिठाला मुंग्या येतात, ओल धरते, नंतर कुणीतरी घासून धुतं आणि उरलीसुरली कडही जाते. खडू, शेंदूर, तेल, काहीच नको. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. नाहीतर टॉर्च दगडाला अगदी चिकटून तिरकी धरा आणि दुसऱ्याला छत्रीची सावली करायला सांगा. खोबणीत काळोख भरतो, तेच तुमचं पीठ.

खाडीपल्याड

बरं बुवा, बंद करतो. आमच्याकडे आजोबांपासून चालत आलंय म्हणून लिहिलं.

गधेगाळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याला कोरून ठेवलेली शिवी आहे ती. चंद्र-सूर्य आहेत तोवर दान चालावं आणि शिवीही. लेकीला घेऊन जाणार असाल तर आजीला आधी तयारी करायला सांगा.

वायंगण

मालवण, मोरयाचा धोंडा. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीआधी, २५ नोव्हेंबर १६६४ ला, शिवाजी महाराजांनी पूजा केली तो किनाऱ्यावरचा खडक. सगळे जेटीवर होडीच्या रांगेत, इकडे शुकशुकाट. मासे सुकवणाऱ्या एका मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, ‘थंय काय आसा? धोंडोच तो.’ आणि हातातलं काम टाकून स्वतःच पुढे चालायला लागल्या. खडकावरचा गणपती, चंद्र, सूर्य, पिंडी एकेक बोट दाखवून सांगितलं. मग समोर पाण्यातल्या किल्ल्याकडे बघून म्हणाल्या, ‘तो मागसून इलो. आधी ह्यो.’

लाल_डबा

माझं ऐतिहासिक वगैरे नाही, धाग्यात बसत नसेल तर सांगा.

आजोबा मैलकुली होते. नव्या लोकांसाठी: रस्त्याचा ठरावीक तुकडा ज्याच्या अंगावर असतो तो. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, झाडोरा तोडायचा. त्यांच्या तुकड्यात मैलाचा एक जुना दगड होता, जांभ्याचा नव्हे, काळ्या दगडाचा, डोक्यावर गोल. मैल जाऊन किलोमीटर आले, नवे दगड बसले, तरी हा तसाच राहिला. दर दिवाळीला आजोबा घरच्या चुन्यातला थोडा उरवून त्याला फासायचे. सरकारी चुना नव्हे, घरचा. आजी चिडायची.

महामार्गाचं चौपदरीकरण आलं तेव्हा तो तुकडाच उचलला गेला. दगड कुठे गेला म्हणून मी कामावरच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, भरावात गेला असेल. यंदा मे महिन्यात त्याच रस्त्यावरच्या एका टपरीवर चहाला थांबलो. आत जायला पायरी म्हणून एक काळा दगड टाकलेला. एका कडेला चुन्याचे थर, कांद्यासारखे, एकावर एक. नखाने टोकरलं तर पापुद्रा निघाला. बायको म्हणाली, चहा गार होतोय.

मालकाला सगळं सांगितलं. तो भला माणूस, त्याला कुठून आला तेही ठाऊक नव्हतं.

(धागाकर्ती)

@लाल_डबा, बसतं. यासाठीच धागा काढला होता. दगडावर कुठल्या गावाचं नाव आहे? किती मैल?

लाल_डबा

पालथा टाकलाय. अक्षरं खाली आहेत. मला आठवत नाही, आजोबांना विचारायचं कधी सुचलं नाही. मालक म्हणालाय, पाऊस सरला की पायरी नवी करणार आहे, तेव्हा फोन करतो, या उलटायला.