बर्फामुळे बुडालेली शाळा

प्रश्न: लहानपणी जोरदार हिमवृष्टीमुळे शाळा बंद पडल्याची कोणती आठवण आपल्या मनात अजून ताजी आहे?

उत्तर १: पहाटे जाग आली की बाहेर एकही आवाज नसे. ताज्या, भुसभुशीत बर्फातील हवेच्या पोकळ्या ध्वनी शोषून घेतात हे पुढे कळले. पण त्या शांततेवरूनच मी सुट्टी ओळखत असे आणि तरीही रेडिओवर बंद शाळांच्या यादीत आमच्या शाळेचे नाव ऐकेपर्यंत अंथरुणात श्वास रोखून पडून राहत असे.

उत्तर २: आमची बस चढावर अडकली होती. अंधार पडल्यावर चालकांनी आम्हा प्रत्येकाला हात धरून घरी पोहोचवले, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

उत्तर ३: आनंद खराच, मात्र बुडालेले दिवस उन्हाळ्यात भरून काढणे मला फार जड जाई.