५ बाय ७ च्या बाथरूममधला टब काढावा का?

प्रश्न: कोथरूडचा जुना फ्लॅट. भिंतीलगत ५ फुटी टब, त्यातच शॉवर. आईचे गुडघे दुखतात, टबात पाय टाकताना तिला धरावं लागतं. खालच्यांच्या छताला ओलही आलीये. टब काढून टाइल्सचा शॉवर करू का?

उत्तर: काढाच. पण टाइल्सच्या दुकानात नंतर जा, आधी वॉटरप्रूफिंग. जुना कोबा फोडून नहाणी ट्रॅपभोवतीचा (जमिनीतून पाणी जायच्या तोंडाभोवतीचा) सांधा भरून घ्या, कोटिंग भिंतीवर शॉवरच्या उंचीपर्यंत चढवा. मग ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी तुंबवा आणि खालच्यांचं छत स्वतः हाताने चाचपा. मिस्त्री घाई करेल, अजिबात ऐकू नका.

दुसरं उत्तर: उतार फुटाला पाव इंच. जमिनीला लहान, मॅट टाइल्स. मोठ्या टाइलला ट्रॅपकडे उतार देताना फार कापाकापी होते. टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सीचा (पाणी न शोषणारा) भराव.

प्रश्नकर्ती: आभार! आईला धरायला दांडा किती उंचीवर?

उत्तर: साधारण ३३ ते ३६ इंच. आईंना तिथे उभं करून खूण करा. टॉवेलची दांडी चालणार नाही, ती वजन घेत नाही. बार भक्कम विटेत, अँकर बोल्टनेच बसवा, भोकं सीलंटने भरा.