चादरीचा फोटो दिसतो, विणणारा दिसत नाही

मागवाला (पूर्व भाग):
काल इथं एकानं लिहिलं, ‘सोशल मीडियामुळं सोलापूरच्या धंद्यात माणुसकी आली. गिऱ्हाईक थेट मालकाशी बोलतं, लबाडी संपली.’ वाचून गप्प बसवेना. बावीस वर्षं जेकॉर्ड मागावर (विणतानाच नक्षी उठवणारा माग) उभा आहे. आमच्या मालकांनी फेसबुकवर पेज काढलंय. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका बाईंनी फोटो टाकला, चादरीच्या काठाचे दोन धागे सुटलेले. मालकांनी पाच मिनिटांत माफी मागितली, नवी चादर पाठवली. खाली कौतुकाचा पाऊस. इकडं माझ्या शेजारच्या मागावरच्या माणसाची दोन दिवसांची मजुरी कापली. सूत कच्चं आहे, ताणा (उभे धागे) सारखा तुटतोय, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं म्हणजे माणुसकी का?

कडक भाकरी (जुळे सोलापूर):
दादा, हे वाईटच झालं. पण सगळ्यांना एका तागडीत तोलू नका. मी आधी शेंगा चटणी आणि कडक भाकरी दुकानांना द्यायचे. दोन-दोन महिने पैसे नाहीत. गेलं की ‘शेठ बाहेर गेलेत.’ छोट्या उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत द्या, असा कायदा २००६ पासून आहे; पाच किलो चटणीसाठी कोण भांडत बसणार? आता व्हॉट्सॲपवर ऑर्डर, पैसे आधी. हाताखाली तिघी आहेत, त्यांची मजुरी रोजच्या रोज देते. लॉकडाऊनमध्ये माल पोचत नव्हता, तरी चार जुन्या गिऱ्हाइकांनी आगाऊ पैसे पाठवले. त्यांचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं.

नवी पेठ:
‘शेठ बाहेर गेलेत’ हे लागलं. आमचीही उधारी अडकते, ताई. आणि लबाडी संपली म्हणणाऱ्यानं मोबाईलवर ‘सोलापुरी चादर’ शोधून बघावं. पानिपतला बनलेल्या चादरींचा माल आपल्या नावानं खपतोय. चादरीला २००५-०६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याचा उपयोग काय? गिऱ्हाईक माझ्या दुकानात येऊन चादर हातात घेतं, दर विचारतं आणि फोनवर स्वस्तातली मागवतं.

मागमालक (अक्कलकोट रोड):
चादर उलटून दाखवा की गिऱ्हाइकाला! जेकॉर्डची नक्षी विणलेली असते, मागच्या बाजूला रंग उलटे दिसतात. छापील चादरीची मागची बाजू फिकी. मी याचाच व्हिडिओ टाकला, तेव्हापासून परगावचे लोक विचारून घेतात. पण खरं सांगू? पानिपतचा माल सोलापुरातल्याच काही दुकानांत ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो. आधी तिथं बोला.

नवी पेठ:
माझ्या दुकानात येऊन एक जरी दाखवलात तर दुकान बंद करीन. वडिलांपासूनचा धंदा आहे. उगाच सगळ्यांना चोर ठरवू नका.

मागमालक:
तुमचं नाव घेतलेलं नाही. पण नावाचं बोललं की तुम्हाला राग येतो, तसा आम्हालाही येतो. वर सगळे मालक एकाच रंगात रंगवले गेले.

मागवाला:
पानिपतवर दहा जण बोलले, कापलेल्या मजुरीवर एकही नाही. मालक, तुम्ही सांगा, कापणं बरोबर होतं?

मागमालक:
नाही. नुकसानीपोटी कापायचं तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून आहे. सूत कच्चं तर दोष खरेदी करणाऱ्याचा. पण मीही पूर्वी एकदा असं कापलंय. तेव्हा ऑर्डर परत आली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. ते पैसे अजून दिलेले नाहीत.

कडक भाकरी:
मग द्या ना. आणि दादा, मीही एक मान्य करते: माझ्या फोटोत चटणी असते, कुटणाऱ्या तिघी कधीच नसतात. त्यांना विचारते, चालत असेल तर नावासकट टाकते.

मागवाला:
फोटो नको, ताई. आधी मजुरी वाढवा.

कडक भाकरी:
मीच भाड्याच्या घरात राहते हो. पण दिवाळीपासून वाढवते, लिहून ठेवा.

नवी पेठ:
त्या माणसाला दोन दिवसांचे पैसे मिळाले का?

मागवाला:
नाही. शनिवारी हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, मिळते. दोघं मिळून मागायला जाणार आहोत.