नाव एक, केस पेपर दुसऱ्याचा : तुमचे अनुभव सांगा

गोव्यात एका नावाची दोन माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. कुळदेवावरून मंगेश, नागेश, शांता, दामोदर अशी नावं ठेवायची, आजोबांचं नाव नातवाला द्यायचं, आणि वाड्यावर आडनावं तीच चार : नाईक, गावडे, गावकर, परब. पंचायतीत किंवा बँकेत हा घोळ झाला तर आपण निस्तरतो. दवाखान्यात झाला की एकाचा आजार दुसऱ्याच्या घरी जाऊन पोचतो, आणि तो दुसरा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. चुकीचं औषध दिलं गेलं तर निदान बोंब तरी होते. फुटलेल्या गुपिताबद्दल कुणी बोलत नाही, कारण बोलायचं म्हणजे ते आणखी चार जणांना कळवायचं. म्हणून इथे विचारते आहे. रुग्णाचं, इस्पितळाचं, लॅबचं नाव लिहू नका; आजार गरज असेल तरच सांगा.

सत्तरी

आईचा रिपोर्ट आणायला गेले होते. काउंटरवर पाकिटांचा गठ्ठा, प्रत्येकावर निळ्या पेनाने नाव आणि आडनाव, बस्स. नाव सांगितलं, पाकीट हातात आलं. बाहेर बाकावर बसून उघडलं तर वय चौतीस. आई साठीच्या पुढची आहे. मधलं नाव वाचलं तेव्हा उलगडा झाला : आमच्याच वाड्यावरची सून, लग्नानंतर नाव बदललं आणि ते नेमकं आईचंच पडलं. थुंकीच्या तपासणीचा रिपोर्ट होता. मी तो होता तसा पाकिटात घातला आणि परत दिला. काउंटरवरचा माणूस मदतीला तत्पर, लगेच उठला, आणि भरल्या हॉलमध्ये तिच्या नावाने हाक मारली : “थुंकीचा रिपोर्ट कोणाचा? नाईक!” रांगेत आमच्या गावचे दोघे उभे होते.

संध्याकाळपर्यंत वाड्यावर सगळ्यांना कळलं. चतुर्थीला तिच्या मुलाला शेजाऱ्यांनी आरतीला बोलावलं नाही. क्षयाची औषधं नियमित सुरू झाली की काही आठवड्यांतच संसर्गाची भीती खूप कमी होते, साधा क्षय सहा महिन्यांच्या कोर्सने बरा होतो, हे आरोग्य केंद्रातल्या ताई घरोघर सांगत होत्या. आईने काय केलं सांगते. ती रोज दुपारी तिच्याकडे जायची आणि चहा आत नाही, अंगणात बसून प्यायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. कोर्स पुरा झाला, सून ठणठणीत आहे. पण त्या मुलाला त्या वर्षीची चतुर्थी आठवते.

माझी मागणी साधी आहे. हाक मारायची तर नंबराने मारा, आणि तपासणीचं नाव तोंडातून बाहेर काढू नका.

फोंडा

निवृत्त नर्स आहे, आयुष्य वॉर्डात गेलं. “तुम्ही शांताबाई ना?” असं विचारलं की माणूस हो म्हणतो. कानाने कमी ऐकू येतं, अंगात ताप असतो, भूल उतरत असते, किंवा सिस्टरला नाही कसं म्हणायचं हा संकोच असतो. नव्या मुलींना आम्ही शिकवायचो : नाव तुम्ही घेऊ नका, पेशंटला सांगू दे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगून ठेवलंय की ओळख पटवायला किमान दोन खुणा हव्यात आणि खोलीचा नंबर ही ओळख धरू नये. खाटेचंही तेच, आज खिडकीशी असलेला पेशंट उद्या दाराशी असतो.

दुसरी खूण म्हणून जन्मतारीख घ्यायची तर आपल्याकडे वेगळीच पंचाईत. वयस्कर बायकांच्या कागदांवर सर्रास १ जानेवारी असते, कारण खरी तारीख कुणी लिहूनच ठेवली नव्हती. नाव तेच, तारीख तीच, अशा दोघी एका वॉर्डात आल्या की मनगटावरच्या पट्टीवरचा नोंदणी क्रमांक हाच आधार. आम्ही अशा दोन्ही फायलींवर ठळक रंगाची चिठ्ठी लावायचो आणि दोघींना शेजारच्या खाटा द्यायचो नाही. याला पैसा लागत नाही. पण संगणकावर नाव टाइप करून वर दिसेल त्या ओळीवर क्लिक करायची घाई नडते.

काणकोण

आमच्याकडे मेसेजमुळे झालं. माझ्या नावाच्या दुसऱ्या बाईच्या सोनोग्राफीची वेळ माझ्या नावापुढे लागली, आणि माझ्या पेपरवर मोबाईल दिराचा. घरात पेढे आले. मला मूल होत नाही म्हणून मी उपचार घेत होते. याहून जास्त लिहवत नाही.

मुरगाव

मी तारवटी. जहाजावर चढण्याआधी मेडिकल लागतं आणि रिपोर्ट बऱ्याचदा थेट एजंटाकडे जातो. माझ्या नावाचा एक जण त्याच दिवशी तपासणीला होता, त्याचा रिपोर्ट माझ्या फायलीत गेला. एजंटाने फोन करून त्याचा आजार मला माझा म्हणून वाचून दाखवला. पुन्हा तपासणी होऊन माझं निस्तरलं. त्याचं काय? त्याच्या रोजीरोटीला नडेल अशी गोष्ट माझ्या कानावर आली, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. आता मी प्रत्येक फॉर्मवर आणि बाटलीच्या लेबलवर सीडीसीचा, म्हणजे खलाशाच्या सरकारी नोंदपुस्तिकेचा, नंबर लिहायला लावतो, लिहीपर्यंत जागचा हलत नाही.

मडगाव

वकिली करते, म्हणून थोडं कायद्याचं. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. घोळ झाल्याची शंका आली की तोंडी भांडत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पूर्ण फाईल मागा आणि चुकीची नोंद काढल्याचं लेखी घ्या. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला त्यात मनाई आहे, अपवाद मोजके. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यातही गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलाय. दुसऱ्याचा कागद तुमच्याकडे आला तर फोटो काढून ‘हा कोणाचा?’ असं ग्रुपवर टाकू नका. कितीही चांगल्या हेतूने टाकला तरी बोभाटा होतोच.

डिचोली

वकीलताईंचं वाचून लिहिते. माझा मुलगा आणि दिरांचा मुलगा, दोघांना आजोबांचंच नाव. जन्म एकाच वर्षी, आणि लहानपणापासून दोघांच्या पेपरवर मोबाईल माझा. आभाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, चौदा आकडी नंबर दोघांचा वेगळा आहे, पण जुन्या नोंदी जोडताना नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल जुळवतात, आणि आमच्याकडे ते चारही जुळतात. पुतण्याची मानसोपचाराची कागदं माझ्या मुलाच्या खात्यात दिसू लागली. पुतण्याला एकट्याला गाठून सांगितलं. तो आधी घाबरला, मग म्हणाला, “काकी, आईला इतक्यात नको.” जाऊबाईंना मी काही बोललेले नाही. तो अठरा पूर्ण आहे, कधी आणि कोणाला सांगायचं ते त्याने ठरवायचं. मोबाईल नंबर दोघांनी बदलून घेतले. जुनी जोडणी तोडायला इस्पितळात अर्ज दिलाय, पण मुलाच्या खात्यात ती कागदं आजही आहेत. अशी नोंद कुणी पूर्ण काढून घेतली असेल तर कोणत्या टेबलावर जायचं आणि सोबत काय न्यायचं, तेवढं लिहा.