अनुभव धागा : पहिली गाडी कोणाची धरलीत?

धागाकर्ता, कळंबोली

या आठवड्यात माझ्या भाच्याला जड वाहनाचा परवाना मिळाला. तो हातात पडताच त्याने विचारले, "मामा, आता गाडी कोणाची धरू?" त्यावरून मला लोखंड बाजारातले माझे सुरुवातीचे दिवस आठवले. तेव्हा मला तीन ठिकाणांहून बोलावणे होते: एक मोठी वाहतूक कंपनी, एक दहा-बारा गाड्यांचा शेठ आणि कर्ज काढून एकच गाडी घेतलेला आमच्या गावचा एक जण. मी शेठकडे गेलो, कारण पगाराचा आकडा सांगण्याआधी त्याने मला जुन्या ड्रायव्हरसोबत नाशिकची खेप करून यायला सांगितले. परतीला कांदा भरलेली गाडी कसारा घाटात खालच्या गिअरवर कशी उतरवायची आणि ब्रेक तापू न देता कशी आवरायची, हे मी त्या खेपेत पाहिले; परवान्याच्या चाचणीत आम्हाला घाट कोणी दाखवलाच नव्हता. आपण पहिला मालक कसा निवडलात आणि निवडताना काय पाहिलेत, ते कृपया लिहावे.

निवृत्त चालक, कोल्हापूर

भाच्याला पगार नंतर विचारू द्या, आधी वजनकाट्याबद्दल विचारू द्या. दहा टायरच्या तीन ॲक्सल गाडीला २०१८ पासून गाडी आणि माल मिळून एकूण २८.५ टनांपर्यंत मुभा आहे, तरीही त्यावर माल चढवायला लावणारे मालक आजही भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये असा दंड आहे. "दंड मी भरतो, तू चल," असे मालक मोठ्या मनाने सांगतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार जादा माल वाहणाऱ्या चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित होऊ शकतो. त्या तीन महिन्यांत मालक दुसरा ड्रायव्हर बसवतो आणि आपण घरी बसतो.

चालकाची पत्नी, मिरज

मी गाडी चालवत नाही, पण घरात हिशेब मी ठेवते, म्हणून लिहिते. आमच्या यजमानांच्या पहिल्या मालकाने लग्नाच्या वेळी मागताच उचल दिली आणि आम्हाला तो देवमाणूस वाटला. पुढे प्रत्येक महिन्यात उचल वळती होत राहिली, मधेच टायर फुटल्याचे पैसे तिच्यात मिळवले गेले, आणि मूळ परवाना शेठच्या कपाटात असल्यामुळे दुसरीकडे जाण्याची सोय उरली नाही. परवाना कोणाकडेही ठेवायला देऊ नये, एवढे मी माझ्या धाकट्या दिराला निक्षून सांगितले आहे. उचल घ्यावीच लागली, तर ती कशी फिटणार हे वहीत लिहून दोघांनी सही करावी.

जेवणाच्या सुट्टीतून, चाकण

वहिनींचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. एक भर घालतो: गाडीचा नंबर एमपरिवाहन ॲपमध्ये टाकून तिचा विमा आणि फिटनेस चालू आहे की नाही, हे होकार देण्याआधी घरबसल्या पाहता येते. ज्याला गाडीचे कागद सांभाळता येत नाहीत, तो आपला पगार वेळेवर देईल असे मला वाटत नाही.

ट्रेलर चालक, न्हावा-शेवा

खेपेवर पैसे की महिन्याचा पगार, हा प्रश्न इथे कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते. बंदराच्या कामात खेपेचा दर ऐकायला छान वाटतो, परंतु दिवस रांगेत जातो. पेटी, म्हणजे कंटेनर, उतरवायला गेलो तर रिकाम्या पेट्यांचे यार्ड भरलेले असते, आणि तेथून परत वळवले की तो फेरा कोणाच्याच हिशेबात बसत नाही. त्यामुळे नवीन मुलाने थांबण्याचा भत्ता किती तासांनंतर सुरू होतो, हे स्पष्ट विचारावे. उत्तर देताना मुकादम हसला, तर भत्ता नाही असे समजावे.

एका गाडीचा मालक, नाशिक

मालकांची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. माझ्या गाडीचा हप्ता मालाची वाट पाहत थांबत नाही आणि भविष्यनिर्वाह निधी देण्याची माझी ऐपत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आखून दिली होती, पण तो कायदा मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्यांसाठी होता, त्यामुळे आमच्यासारख्यांकडे सगळे माणसावर अवलंबून राहते. मी नव्या मुलाला आधी सहा टायरच्या लहान ट्रकवर जवळच्या खेपा देतो आणि डिझेलच्या ॲव्हरेजवरून लगेच त्याच्यावर संशय घेत नाही, कारण नवा हात गिअर बदलताना डिझेल जास्त जाळतोच. ज्याला रविवारी घरी जेवायचे आहे, त्याने लहान मालक पाहावा. ज्याला पगारपत्रक आणि कर्जासाठी बँक हवी आहे, त्याने कंपनी पाहावी.

धागाकर्ता, कळंबोली

नाशिककर, इतके सरळ बोलणारे मालक आमच्या बाजारात फार नाहीत! भाच्याला मात्र वातानुकूलित केबिनच हवी आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना ती सक्तीची झाली आहे, हे त्याने मला मोबाइलवर दाखवले. नवीन गाड्या नवशिक्यांच्या हाती कोणी देत नाही, हे त्याला अजून पटलेले नाही.

रसायन टँकर चालक, तळोजा

टँकरवर पैसे बरे मिळतात म्हणून मुले थेट इकडे येतात. धोकादायक माल वाहायचा असेल, तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नववा नियम लागू होतो. त्यानुसार तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. शिवाय अर्ध्या भरलेल्या टाकीतला द्रव वळणावर गाडीला बाहेर ढकलतो, आणि त्याची सवय आधी साध्या मालाची गाडी हाकल्याशिवाय होत नाही. "नोंद नंतर करू, आधी ही खेप मारून ये," असे म्हणणाऱ्याच्या गेटवरून परत फिरावे.

चालकाची पत्नी, मिरज

दादा, त्या प्रशिक्षणाची फी मालक भरतो की चालकाने भरायची?

रसायन टँकर चालक, तळोजा

ताई, दोन्ही प्रकार चालतात. मालक भरणार असेल, तर ती रक्कम उचल म्हणून वहीत चढवणार आहे का, हे आधी विचारून घ्या.