जुन्या गेम बॉयवर नाशिक ढोल : घरघर जात नाही आणि ढोल घुमत नाही

गंगापूररोडकर

नमस्कार. १९९० च्या दशकात माझ्या मामांनी दुबईहून आणलेला राखाडी रंगाचा पहिला गेम बॉय (हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र) मागच्या दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. आत राहून गेलेले सेल फुटून पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढला होता. तो व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसून काढला, नवे चार पेन्सिल सेल घातले आणि यंत्र पहिल्याच झटक्यात सुरू झाले. पडद्यावरच्या तीन उभ्या रेघा तेवढ्या उमटत नाहीत.

खेळ खेळण्यात मला फारसा रस नाही. स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी २००० साली आणलेला ‘लिटल साउंड डीजे’ हा संगीतरचनेचा प्रोग्राम मी यंत्रात खोचायच्या, संगणकावरून फाइल चढवता येणाऱ्या फ्लॅश कार्ट्रिजवर घेतला आहे आणि गेले दोन महिने रोज रात्री त्याच्याशी झटापट करतो आहे. पावसाळ्यात गोदाकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आमच्या गच्चीपर्यंत आवाज येतो; तो ठेका या चार सुरांच्या डबीतून काढता यावा, एवढीच इच्छा आहे.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, सेल वारंवार बदलणे परवडत नाही म्हणून मी बाजारातून एक साधा अडॅप्टर आणला, त्यावर यंत्र चालवून हेडफोनच्या छिद्रातून घरच्या अॅम्प्लिफायरला जोडले, तर मागे सतत घरघर येते आणि गाणे थांबवले तरी ती थांबत नाही. दुसरी अडचण अशी की, यंत्राच्या चार आवाज-वाहिन्यांपैकी पहिल्या पल्स वाहिनीवर बसवलेला ढोल हेडफोनवरही ढोलासारखा घुमत नाही. कोणी तरी दारावर टकटक करत असल्यासारखा वाटतो. एवढी यातायात करण्यापेक्षा संगणकावरच्या एम्युलेटरवर (यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) काम करणे शहाणपणाचे आहे का, हेही कृपया सांगावे.

सातपूरचा सोल्डरवाला

घरघरीपुरते मी सांगतो; ढोलाचे जाणकारांवर सोडतो.

प्रथम अडॅप्टर काढून ठेवा आणि तोच तुकडा केवळ सेलवर वाजवा. घरघर गेली, तर दोष यंत्राचा नसून अडॅप्टरचा किंवा अडॅप्टर आणि अॅम्प्लिफायर एकाच अर्थिंगमधून फिरवत असलेल्या प्रवाहाचा आहे, आणि त्यावर कोणतेही सोल्डरिंग करण्याची गरज नाही. पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल घ्या, प्रत्येकी १.२ व्होल्टप्रमाणे चारांचे ४.८ व्होल्ट होतात, नेहमीच्या सेलच्या ६ व्होल्टपेक्षा कमी, पण या यंत्राला ते चालतात. तुमचा अडॅप्टर कोणता आहे हे लिहिले नाहीत, म्हणून सावध करतो की, आजकालच्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनेत आतला भाग धन असतो आणि पहिल्या गेम बॉयला तो ऋण लागतो. तुमचे यंत्र अजून चालते आहे, त्यावरून तुम्ही नकळत योग्य तो आणला असावा.

सेलवरही बारीक चिरका आवाज उरला, तर तो यंत्राच्या पोटातला आहे. पडद्याला लागणारा व्होल्टेज आतल्या आत तयार होतो, त्याची कुरकुर हेडफोनच्या अॅम्प्लिफायरमध्ये शिरते आणि तुमच्या गाण्याबरोबर मोठी होऊन बाहेर पडते. यासाठी ‘प्रोसाउंड’ नावाचा जुना आणि सोपा उपाय आहे : आवाजाच्या चाकाखालच्या पोटेन्शिओमीटरवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावर) संकेत पोहोचतो तिथूनच, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या अलीकडूनच, डाव्या-उजव्या बाजूच्या दोन तारा आणि एक ग्राउंड काढून वेगळ्या आरसीए सॉकेटला (ऑडिओच्या तारा खोचायच्या गोल सॉकेटला) जोडायच्या. मग आवाजाचे चाक त्या सॉकेटपुरते निरुपयोगी होते आणि संकेत थोडा बारीक येतो, तेव्हा मिक्सरवर गेन वाढवावा लागतो. माझ्या यंत्रावर हे काम केल्यापासून शांत जागा खरोखरच शांत वाटतात.

आता खोलण्याविषयी. मागच्या झाकणाला तीन पाकळ्यांचे सहा स्क्रू असतात. मोबाइल दुरुस्तीच्या किटमध्ये मिळणारे तीन पाकळ्यांचे टोक याला लहान पडते, वेगळेच मागवावे लागते. माझे पहिले यंत्र मी एका दुकानात खोलायला दिले होते; त्या गृहस्थांनी चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून सहापैकी चार स्क्रूंची डोकी गुळगुळीत केली आणि ‘साहेब, हे उघडत नाही’ म्हणून परत दिले. ते चार स्क्रू पुढे मला ड्रिलने काढावे लागले. खोललेच, तर उभ्या रेघांचेही तेव्हाच पाहा. पडद्याच्या खालच्या कडेला असलेल्या पट्टीचे सांधे सुटल्याने त्या जातात. कमी तापवलेले सोल्डरिंग गन पट्टीवरून हळू फिरवले की बहुधा परत येतात. हात स्थिर नसेल, तर तीन रेघा गेल्याने गाणे अडत नाही.

ठेका_धरा

मी पंचवटीत राहतो, सहा वर्षे पथकात ताशा वाजवला आहे आणि तबलाही शिकलो आहे, म्हणून हा प्रश्न मला घरचाच वाटला.

मुळात तुमचा ढोल चुकीच्या घरात राहायला गेला आहे. या यंत्रात चारच वाहिन्या आहेत : दोन पल्स, एक वेव्ह आणि एक नॉइज. पल्स वाहिनी साधारण ६४ हर्ट्झच्या खाली उतरतच नाही आणि तिचा आकार चौकोनी असल्याने वरचे स्वरांश इतके ठळक असतात की कानाला आघात ऐकू येतो, पोट ऐकू येत नाही. वेव्ह वाहिनी मात्र ३२ हर्ट्झपर्यंत उतरते आणि तिच्यातली लहर तुम्ही हाताने काढू शकता : ३२ ठिपके, प्रत्येकाला १६ पातळ्या. तिथे गोलसर लहर काढा, स्वर मध्यम उंचीवर सुरू करा आणि ‘पी’ आज्ञेने तो वेगाने खाली घसरू द्या. कातडे आघाताच्या क्षणी ताणले जाते आणि लगेच सैल होते, हेच ते घसरणे आहे. माझ्या कानाला टिपरूचा आघात घसरण तीव्र ठेवली की जमतो आणि हाताची थाप घसरण जवळजवळ काढून टाकली की जमते. म्हणून मी दोन वेगळी वाद्ये करून ठेवली आहेत.

यात एक गोम आहे. वेव्ह वाहिनीला आवाजाच्या चारच पायऱ्या आहेत : पूर्ण, अर्धा, पाव आणि शून्य. त्यामुळे ढोलाचा घुमारा हळूहळू विरत नाही, जिन्यावरून उतरल्यासारखा उतरतो. त्यावरचा मार्ग असा की, आवाज कमी करण्याऐवजी लहरच बुटकी करत न्यायची. प्रोग्राममधला सिंथ (लहरी बनवणारा भाग) एका वाद्यासाठी १६ लहरी ओळीने वाजवू शकतो. पहिली पूर्ण उंचीची आणि शेवटची जवळजवळ सपाट ठेवलीत, तर घुमारा बराच सरळ विरतो. शेवटी थोडी खरखर राहते, पण पथकाच्या गोंगाटात ती शोभून दिसते.

ताशासाठी नॉइज वाहिनी. तिच्यात दोन प्रकारचे नाद आहेत : एक ३२,७६७ पायऱ्यांनंतर स्वतःची पुनरावृत्ती करणारा, म्हणून निव्वळ फसफस वाटणारा, आणि दुसरा १२७ पायऱ्यांतच फिरून येणारा, म्हणून पत्र्यासारखा खणखणीत. ताशाला दुसरा घ्या, झांजेला पहिला. तर्री (मिसळीवरची नव्हे, काड्यांची) काढायला ‘आर’ ही पुन्हा आघात करणारी आज्ञा आहे, पण ती सलग लावून ठेवलीत तर शिवणयंत्र चालल्यासारखे वाटते. खऱ्या ताशेवाल्याच्या दोन काड्या कधीच सारख्या पडत नाहीत, म्हणून एकाआड एक आघाताचा आवाज दोन-तीन पायऱ्या कमी करा. एवढ्या एका बदलाने माझी तर्री ऐकून आमच्या पथकातला मुलगा ‘हे कोणी वाजवलंय?’ असे विचारता झाला.

आता लयीविषयी, कारण माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. प्रोग्राममध्ये एका ओळीला मुळात ६ टिक (वेळेचे बारीक घटक) मिळतात आणि चार ओळींची एक मात्रा धरली, तर एका मात्रेत २४ टिक येतात. २४ ला ३, ४, ६ आणि ८ ने भाग जातो, त्यामुळे तिगुण आणि चौगुण सहज बसते. ५ आणि ७ ने जात नाही, तिथे ग्रूव्हच्या, म्हणजे कोणत्या ओळीला किती टिक ते ठरवण्याच्या, पडद्यावर ५, ५, ५, ५, ४ अशी तडजोड करावी लागते आणि शेवटचा बोल किंचित घाईत पडतो. पथकाचा झोका हवा असेल, तर ६-६ च्या जागी ७-५ लिहून पाहा. रूपक करायचा असल्यास सोळा ओळींच्या तुकड्यात, शून्यापासून मोजणी सुरू होते आणि ९ नंतर ए, बी, सी अशी अक्षरे येतात हे लक्षात ठेवून, ‘ई’ क्रमांकाच्या ओळीवर ‘एच’ ही उडीची आज्ञा टाका. चौदा ओळी, म्हणजे दोन ओळींची मात्रा धरून सात मात्रा वाजून तो पुढच्या तुकड्यात जातो. चारही वाहिन्यांच्या तुकड्यांत ती आज्ञा टाकायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या आवर्तनापासून ताशा एकीकडे आणि ढोल दुसरीकडे जातो.

नाशिकरोड_लोकल

एम्युलेटरविषयी कोणी बोलले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. शिकण्यासाठी आणि रचना बांधण्यासाठी सेमबॉयसारखा अचूक एम्युलेटर पुरेसा आहे. मी रोज लोकलमध्ये बसून तेच करतो आणि रविवारी फाइल कार्ट्रिजवर चढवतो. खर्जाचा भरीवपणा मात्र खऱ्या यंत्रातच ऐकायला मिळतो, आणि त्यातही १९८९ च्या या पहिल्या राखाडी यंत्राचा खर्ज नंतरच्या रंगीत आवृत्तीपेक्षा दमदार समजला जातो, तेव्हा मामांची आठवण विकू नका.

एक कळकळीची सूचना. पुष्कळशा कार्ट्रिजमधली स्मृती आतल्या नाण्याएवढ्या सेलवर जिवंत असते. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुने कार्ट्रिज घेतले, त्यात सेल नवा घातला आहे असे सांगितले होते, आणि तीन महिन्यांनी एका सकाळी अकरा गाणी नाहीशी झाली. सेल १.९ व्होल्ट दाखवत होता. आता मी दर आठवड्याला संगणकावर प्रत उतरवून ठेवतो. शिवाय कार्ट्रिज लागले नाही की आपण लहानपणी फुंकर मारायचो, ती सवय सोडा. फुंकरीतल्या ओलाव्याने संपर्काच्या पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड वापरा.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री अडॅप्टर काढला आणि घरघर निमूटपणे गेली. बारीक चिरका आवाज आहे, पण तो कान लावल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे तीन पाकळ्यांचे टोक येईपर्यंत यंत्र खोलत नाही. ढोल वेव्ह वाहिनीत हलवला आणि बुटक्या होत जाणाऱ्या लहरींची युक्ती केली, तेव्हा शेजारच्या खोलीतून आईने ‘विसर्जन लवकर आलं का?’ असे विचारले.

यातून नवी अडचण निघाली आहे. ढोलाच्या मागे मला तानपुऱ्यासारखा आधारस्वर हवा होता आणि तो वेव्ह वाहिनीतच चांगला लागत होता. ते घर आता ढोलाने घेतले. शिवाय पल्स वाहिनीवर वरच्या सप्तकात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) घेतली की ती तुटक येते. हा माझ्या आज्ञेचा दोष आहे की यंत्राचा?

ठेका_धरा

मींड तुटणे हा यंत्राचा स्वभाव आहे. पल्स वाहिनीची कंपनसंख्या १,३१,०७२ या आकड्याला एका पूर्ण संख्येने भागून निघते. ४४० हर्ट्झ हवे असतील, तर २९८ ने भागून ४३९.८ मिळतात आणि कानाला फरक कळत नाही. मध्य सप्तकात २६२ हर्ट्झच्या आसपास भाजक सुमारे ५०१ असतो, त्यामुळे एक पायरी साडेतीन सेंटची (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) पडते आणि मींड गुळगुळीत वाटते. तीन सप्तके वर गेलात की भाजक ६३ वर येतो आणि एक पायरी सत्तावीस सेंटच्या घरात जाते, म्हणजे प्रमाणश्रुतीच्या (आपल्या संगीतातल्या एका सूक्ष्म स्वरांतराच्या) बावीस सेंटपेक्षाही मोठी. तिथे मींड जिना चढल्यासारखीच ऐकू येणार. म्हणून मींड मध्य सप्तकात घ्या आणि वर केवळ खडे स्वर ठेवा.

आधारस्वरासाठी वाहिनी वाटून घ्या. वेव्हच्या ३२ ठिपक्यांत एकाच वेळी दोन आणि तीन आवर्तने मिसळलेली लहर काढा. दोनाच्या आवर्तनातून षड्ज, तीनाच्या आवर्तनातून पंचम, आणि ३:२ चे गुणोत्तर अगदी शुद्ध असल्याने पंचम जराही डोलत नाही. शिवाय कान स्वतःहून एक सप्तक खालचा षड्ज कल्पून घेतो. ढोल ज्या ओळीवर पडतो, तिथे आणि तिच्या पुढच्या ओळीवर आधार तोडा आणि तिसऱ्या ओळीवर पुन्हा सुरू करा. आघाताच्या गडगडाटात ती फट कोणालाही ऐकू येत नाही. पण ढोल फार दाट वाजवलात तर आधार ठिगळासारखा दिसू लागेल, म्हणून मी समेवर आणि खालीवरच भरीव आघात ठेवतो आणि मधले बोल ताशाला देतो.

सातपूरचा सोल्डरवाला

तीन पाकळ्यांचे टोक माझ्याकडे आहे. रविवारी दुपारनंतर मी घरीच असतो; यंत्र, सेल आणि आरसीएचे दोन सॉकेट घेऊन या. ढोल डब्यातल्या स्पीकरवर तपासू नका, तो तेवढा खाली उतरत नाही. येताना हेडफोनही आणा.